"पाठ केलं होतं, पण आठवलंच नाही": नैराश्य आणि चिंता डोक्याचं काय करतात

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या वर्गात एक मुलगी होती, पाचवीपासून पहिल्या तिनात येणारी. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी जड जाते, पण हिची मराठीची वही आम्ही इतरांना दाखवायचो. नववीच्या सहामाहीत तिने आमचा पेपर जवळपास कोरा दिला. विचारलं तर मान खाली. "सर, पाठ केलं होतं. याद नै आया."

मग आम्ही काय केलं? बहुतेक शिक्षक करतात तेच. तिच्या अब्बांना बोलावून घेतलं आणि सांगितलं, हिचं लक्ष उडालंय, मोबाइलवर नजर ठेवा. अब्बांनी मोबाइल काढून घेतला. अम्मीने मैत्रिणींकडे जाणं बंद केलं. खाला म्हणाली, नजर लागली. चार महिने असेच गेले. मुलगी घरातून शाळेत आणि शाळेतून घरी. वर्गात प्रश्न विचारला की उभी राहायची, ओठ हलायचे, आवाज फुटायचा नाही.

शेवटी डोकं दुखतं म्हणून तिला डॉक्टरांकडे नेलं. ते समजदार निघाले, त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. निदान झालं: नैराश्य, म्हणजे डिप्रेशन, आणि सोबत चिंताविकार. विसरणं हा त्याच आजाराचा भाग होता. बी.एड.ला मानसशास्त्राचा पेपर आम्ही चांगल्या मार्कांनी पास झालो होतो, तरी हे आम्हाला दिसलं नाही. त्यानंतर जे वाचलं, डॉक्टरांना विचारलं, ते इथे मांडतो आहोत. कारण असा एखादा 'विसराळू' आपल्या बऱ्याच घरांत असतो, आणि त्याला आळशी, नाटकी, ढ किंवा कमजोर इमानाचा ठरवून आपण मोकळे होतो.

डिप्रेशन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रडणारा माणूस येतो. पण डॉक्टर ज्या लक्षणांवरून हा आजार ओळखतात, त्यांत उदासी, कशातच रस नसणं, झोप आणि भूक बिघडणं यांच्या जोडीला विचार करायला, लक्ष लावायला किंवा साधा निर्णय घ्यायला जड जाणं हेही लक्षण आहे. अशी बरीच लक्षणं किमान दोन आठवडे, जवळपास रोज दिसली तर नैराश्याचा विचार होतो. चिंताविकाराच्या यादीत तर 'डोकं एकदम कोरं होणं' असं स्पष्टच लिहिलेलं आहे. आमच्या विद्यार्थिनीने जे सांगितलं होतं, ते पुस्तकातलं लक्षण होतं. आम्ही त्याला बहाणा समजलो.

हा काही दुर्मिळ आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे २८ कोटी लोकांना नैराश्य आणि सुमारे ३० कोटी लोकांना चिंताविकार होता. आपल्या देशात बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत पाहणी केली. त्यात दिसलं की साधारण २० प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येऊन गेलेलं आहे किंवा सध्या आहे. म्हणजे निकाहच्या ४०० माणसांच्या दावतीत अशी २० माणसं जेवून जातात.

डोक्यातली पाटी

आता चिंतेने विसरायला का होतं ते पाहू. त्यासाठी एक छोटा प्रयोग करा. कागद न घेता ४७ आणि ३८ यांची बेरीज करा. चाळीस आणि तीस सत्तर, सात आणि आठ पंधरा, सत्तर आणि पंधरा पंच्याऐंशी. हे करताना तुम्ही 'सत्तर' काही क्षण कुठेतरी धरून ठेवलं होतं. मानसशास्त्रात त्या जागेला वर्किंग मेमरी म्हणतात. आपण तिला डोक्यातली पाटी म्हणू. लिहायचं, वापरायचं, पुसायचं. ही पाटी सगळ्यांचीच लहान असते. १९५६ मध्ये जॉर्ज मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने तिच्यावर साधारण सात गोष्टी मावतात असं लिहिलं होतं. नंतरच्या संशोधकांनी तर चारच्या आसपास म्हटलं.

आता तीच बेरीज करताना शेजारी कुणी सतत कुजबुजतंय असं समजा: "तुला नाही जमणार. नापास झालीस तर? अब्बा काय म्हणतील? फी कुठून आणली ठाऊक आहे ना?" सत्तर कधी पुसले गेले, कळतही नाही. चिंताविकारात ही कुजबुज बाहेरून नाही, आतून येते, आणि दिवसभर चालते. पाटी तेवढीच असते, पण अर्धी काळजीनेच भरलेली. उरलेल्या अर्ध्या पाटीवर मूल गणित सोडवतं, बाप दुकानाचा हिशेब करतो, सून पाहुण्यांचा स्वयंपाक उरकते.

मायकेल आयझेंक आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात एक गोष्ट आहे, ती आम्हाला फार महत्त्वाची वाटते. त्यांच्या म्हणण्यानुसार चिंतेत उत्तर चुकण्याच्या आधी मेहनत वाढते. म्हणजे चिंताग्रस्त मूल बरेच दिवस बरोबर उत्तर देत राहतं, पण त्यासाठी इतरांपेक्षा जास्त जोर लावतं, जास्त वेळ घेतं आणि संध्याकाळपर्यंत पार गळून जातं. मार्क तेच येतात, म्हणून घरी कुणाला काही कळत नाही. कळतं तेव्हा पेपर कोरा आलेला असतो.

विसरणं दोन ठिकाणी होतं, हेही समजून घ्यायला हवं. एक, गोष्ट आत शिरतच नाही. चावी ठेवताना मन दुसरीकडे होतं, तर चावी कुठे ठेवली हे साठवलंच गेलं नाही. मग ते आठवणार कसं? घरात रोज भांडण असेल आणि मुलाचे कान दाराकडे असतील, अब्बांची गाडी आली का, आवाज कसा आहे, तर समोरच्या पानावर डोळे फिरतात, पण आत काही जात नाही. दुसरं, गोष्ट आत असते पण बाहेर येत नाही. परीक्षेच्या हॉलमधून बाहेर पडलं, गेटपाशी भेळवाला दिसला, आणि अख्खं उत्तर धाडकन आठवलं, हे प्रत्येक शिक्षकाने मुलांच्या तोंडून ऐकलं आहे. अभ्यास केला नसता तर ते गेटपाशीही आठवलं नसतं.

थोडी भीती बरी, भीतीशिवाय मुलं अभ्यास करत नाहीत, असं आपल्याकडे म्हणतात. त्यात थोडं तथ्य आहे. १९०८ मध्ये यर्क्स आणि डॉडसन या दोघांनी उंदरांवर प्रयोग केले होते. सोप्या कामात विजेचा झटका वाढवला तर उंदीर लवकर शिकले, पण काम अवघड झालं तेव्हा जोराच्या झटक्याने त्यांचं शिकणं उलट मंदावलं. पाढे छडीच्या धाकाने पाठ झाले असतील. निबंध, भूमिती, नवी भाषा छडीने येत नाही. ज्याच्या आत आधीच भीती भरली आहे, त्याला तर पाढेही येत नाहीत. हिफ्झ करणारा एखादा मुलगा पक्के झालेले पारे अचानक विसरू लागला, तर त्याला जास्त वेळ बसवण्याआधी त्याची झोप कशी आहे, तो कुणाला घाबरतोय का, एवढं तरी उस्तादांनी आणि आईवडिलांनी विचारावं.

"रोट्या बरोबर करते, मग हेच कसं विसरते?"

नैराश्याची तऱ्हा थोडी वेगळी आहे. चिंतेत डोकं गर्दीने भरलेलं असतं, नैराश्यात ते जड होतं, ओल्या गोणपाटासारखं. विचार सरकत नाही. बोलणाऱ्याचं वाक्य संपतं तेव्हा त्याची सुरुवात निसटलेली असते. कुठला सलवार सूट घालायचा, बाजारातून कुठली भाजी आणायची, यावर अर्धा तास जातो.

पण सवयीची कामं होत राहतात, आणि घरचे इथेच फसतात. ज्या कामाला नव्याने विचार करावा लागत नाही, ते हात आपोआप करतात. वीस वर्षं रोट्या लाटलेल्या बाईच्या रोट्या डिप्रेशनमध्येही गोल होतात. मात्र दहा माणसांच्या दावतीचं सामान ठरवणं, काय आधी चढवायचं, काय नंतर, कुणाला तिखट चालत नाही, हे सगळं एकत्र धरून ठेवणं तिला जमत नाही. मग सासू म्हणते, "रोज का काम तो बराबर करती है, मेहमान आए कि भूल जाती है." नणंद म्हणते, नाटक आहे. नाटक नाही ते. जोर लावून लक्षात ठेवायची कामं आधी कोसळतात आणि सवयीची शेवटी, हा या आजाराचा ठरलेला क्रम आहे. या एका गैरसमजामुळे किती सुना माहेरी पाठवल्या गेल्या असतील, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

नैराश्यातली आठवण नुसती कमी होत नाही, ती एका बाजूला झुकते. उदास मनाला उदास गोष्टी पटकन सापडतात. सासरी पहिल्या वर्षी कोण काय बोललं ते शब्दशः आठवतं, आणि आजारपणात त्याच सासूने रात्रभर पाय दाबले ते आठवत नाही. ही माणसं खोटं बोलत नसतात. त्यांच्या हाताला तेच पान लागतं. आणि मग तोच विचार पुन्हा, पुन्हा, घाण्याच्या बैलासारखा. दिवसभर चालून बैल असतो तिथेच.

१९८६ मध्ये मार्क विल्यम्स आणि कीथ ब्रॉडबेंट या ब्रिटिश संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या लोकांना त्यांनी 'आनंद' असे एकेक शब्द दिले आणि त्यावरून आयुष्यातला एखादा ठराविक प्रसंग सांगायला सांगितलं. या लोकांना ठराविक दिवस सांगणं जड गेलं, ते ढोबळ काहीतरी सांगायचे. पुढे नैराश्याच्या रुग्णांतही हेच आढळलं. आपल्या भाषेत सांगायचं तर 'सुट्टीत नानीकडे जायचो' एवढं निघतं. 'त्या दिवशी पाऊस होता, नानाने छत्री उलटी धरली आणि आम्ही सगळे भिजलो' हे निघत नाही. फरक किरकोळ वाटतो, पण तसा नाही. अडचणीतून मार्ग काढताना आपण मागचे ठराविक प्रसंग आठवतो: मागच्या वेळी पैसे अडकले तेव्हा कुणाला फोन केला होता, तेव्हा काय बोललो होतो. तेच धुरकट झालं तर मार्गही दिसत नाही. पुढचंही तसंच होतं. येणाऱ्या ईदला काय घालशील असं विचारलं तर त्या माणसाच्या डोळ्यांपुढे चित्रच उभं राहत नाही. "काहीच होणार नाही" असं तो म्हणतो तेव्हा तो हट्ट करत नसतो.

मेंदूतही याच्या खुणा मिळतात. नव्या आठवणी रुजवणारा हिप्पोकॅम्पस नावाचा एक भाग आहे. बराच काळ ताण राहिला की शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढलेलं राहू शकतं आणि या भागाला त्याचा त्रास होतो असं मानलं जातं. वारंवार किंवा दीर्घकाळ नैराश्य असलेल्या रुग्णांच्या गटांत हा भाग सरासरीने थोडा लहान आढळला आहे. पण ही गटांची सरासरी आहे. एका माणसाचा एमआरआय काढून नैराश्य आहे की नाही हे सांगता येत नाही, तेव्हा तेवढ्यासाठी हजारो रुपये घालवू नका. झोपेकडे मात्र लक्ष द्या. दिवसभराचं शिकलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेत होतं, आणि या दोन्ही आजारांत पहिला घाव झोपेवर पडतो.

दादीला 'भूलने की बीमारी' झाली?

घरातल्या बुजुर्गांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण इथे चूक झाली तर उपचाराची वर्षं वाया जातात. सत्तरीतली दादी. दादाजींच्या इंतकालनंतर गप्प झाली. नावं विसरते, गॅसवर दूध ठेवून विसरते, औषध घेतलं की नाही ते सांगता येत नाही. घरचे म्हणतात, वय झालं, डिमेन्शिया आहे, आता काही होत नाही. असेलही. पण नसूही शकतो. १९६१ मध्ये लेस्ली किलोह या मानसोपचारतज्ज्ञाने 'स्यूडो-डिमेन्शिया', म्हणजे डिमेन्शियासारखं दिसणारं पण तो नसणारं दुखणं, यावर लेख लिहिला. त्यातल्या बऱ्याच रुग्णांचा मूळ आजार नैराश्य असतो, आणि त्याच्यावर इलाज आहे.

फरक कसा ओळखायचा? पक्का फरक डॉक्टरच करतील, पण काही गोष्टी घरी दिसतात. नैराश्यातला माणूस स्वतःच सांगतो, माझं डोकं गेलं, मला काही आठवत नाही. डिमेन्शियात बहुतेकदा घरचे तक्रार करतात आणि माणूस स्वतः सारवासारव करतो. नैराश्यातला माणूस प्रश्न विचारला की "माहीत नाही" म्हणून सोडून देतो, डिमेन्शियातला चुकीचं का होईना, उत्तर देतो. नैराश्यात विसरणं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत वाढलेलं दिसतं, आणि एखादी खूण दिली, "ती गं, रत्नागिरीवाली, जिच्या घरी आंबे", की बऱ्याचदा नाव निघतं. डिमेन्शिया सावकाश, वर्षांवर्षांनी येतो आणि खूण देऊनही उपयोग होत नाही. दोन्ही एकत्रही असू शकतात. म्हणून दाखवायला न्या. डॉक्टर रक्ताच्या तपासणीत थायरॉइड आणि बी-१२ बघतील. या दोन्हींच्या कमतरतेनेही माणूस सुस्त, उदास आणि विसराळू होतो, आणि त्याला साध्या गोळ्या किंवा इंजेक्शन पुरतात.

वसवसा, आणि बल्खचे एक हकीम

वजू झाला की नाही? तीन रकात झाल्या की चार? एवढी शंका सगळ्यांनाच येते. पण काही जण एका नमाजीसाठी पाऊण तास वजू करत बसतात, नमाज पुन्हा पुन्हा दोहरवतात, कुलूप दहा वेळा ओढून बघतात. मराठीत याला मंत्रचळ म्हणतात, डॉक्टर ओसीडी म्हणतात. हा चिंताविकाराचा सख्खा शेजारी. या लोकांची समजूत अशी की आपली आठवण कच्ची आहे, म्हणून पुन्हा बघायला हवं.

२००३ मध्ये मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंड्ट या डच संशोधकांनी याचा छान प्रयोग केला. निरोगी लोकांना संगणकाच्या पडद्यावरचा गॅस पुन्हा पुन्हा लावायला, बंद करायला आणि तपासायला लावला. शेवटच्या तपासणीत काय केलं ते त्यांना इतरांइतकंच बरोबर आठवत होतं. पण आपल्या आठवणीवरचा त्यांचा भरोसा उडाला होता, आठवण अंधुक वाटत होती. म्हणजे जितकं तपासाल, तितकी खात्री कमी. वसवशाच्या माणसाला घरच्यांनी "हो, झाला तुझा वजू" असं वीस वेळा सांगूनही त्याचं समाधान का होत नाही, ते यावरून कळेल. त्याला उपचार लागतात, आणि ते उपलब्ध आहेत.

अशा आजारांचा अभ्यास ही पश्चिमेतून आलेली नवी टूम आहे असं काहींना वाटतं. नवव्या-दहाव्या शतकात बल्खला, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानात, अबू झैद अल-बल्खी नावाचे विद्वान होऊन गेले. त्यांचं निधन ९३४ मधलं. त्यांनी 'मसालिह अल-अबदान वल-अन्फुस' या ग्रंथात शरीराच्या आरोग्याच्या जोडीला मनाच्या आरोग्यावर स्वतंत्र भाग लिहिला. त्यात भीती आहे, दुःख आहे, वसवसा आहे. दुःखाचे त्यांनी दोन प्रकार केले: एक, ज्याचं कारण माहीत आहे, आणि दुसरं, ज्याचं कारण सापडत नाही. दुसऱ्याचा संबंध त्यांनी शरीराशी जोडला आणि त्यावर शरीराचाही इलाज सांगितला. एक हजार वर्षांपूर्वीच्या आपल्याच हकीमांना जे औषधाचं काम वाटलं, त्याला आपण आज इमानाची कमजोरी म्हणतो. चष्मा लागलेल्याला तसं कुणी म्हणत नाही. दुआ करावी, जरूर करावी. डॉक्टरांकडे जाऊ नये असं ती सांगत नाही.

इलाज काय, आणि घरी काय करायचं

उपचार दोन वाटांनी होतात. एक बोलून, विशेषतः सीबीटी नावाच्या पद्धतीने, ज्यात विचारांच्या सवयी तपासून बदलायला शिकवतात. दुसरी गोळ्यांची. सौम्य आजारात बोलण्याचे उपचारही पुरतात, जास्त असेल तर दोन्ही लागतात. नैराश्याच्या गोळ्यांचा असर दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडणारे खूप, आणि बरं वाटलं म्हणून तिसऱ्या महिन्यात सोडणारे त्याहून जास्त. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ चालू ठेवायला सांगतात, आणि थांबवायच्या त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू. या गोळ्यांची झोपेच्या गोळ्यांसारखी चटक लागत नाही. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या गोळ्यांची मात्र लागू शकते आणि त्यांनी आठवण आणखी बिघडते. मोहल्ल्यातल्या मेडिकलवाल्याकडून जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षं त्या घेणारे बुजुर्ग आम्ही पाहिले आहेत.

रमजानबद्दल आधीच बोलून घ्या. बऱ्याच गोळ्यांच्या वेळा सहरी आणि इफ्तारला बसवता येतात, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. लिथियमसारखं औषध चालू असेल तर शरीरातलं पाणी कमी होणं धोक्याचं ठरू शकतं, आणि रुग्णासाठी रोज्यात सवलत आहे हे आलिमही सांगतात. महिनाभर गोळ्या बंद ठेवून ईदनंतर पुन्हा आजारी पडलेली माणसं दरवर्षी दवाखान्यात येतात, असं आम्हाला एका डॉक्टरांनी सांगितलं.

आणि हे ध्यानात घ्या: मन आधी सुधारतं, डोकं मागून. २०१४ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा उदासी गेलेल्या रुग्णांतही लक्ष आणि नियोजन यांत काही अडचण उरलेली दिसली. म्हणून मुलगी हसायला लागली की लगेच "आता आणा नव्वद टक्के" म्हणू नका. दुकान सांभाळणारा भाऊ बरा झाला की पहिल्याच आठवड्यात त्याच्या हाती सगळा उधारीचा हिशेब देऊ नका. नोकरी सोडणं, घर विकणं, खुला-तलाक असे मोठे निर्णयही या काळात शक्यतो लांबवावेत, कारण ज्या डोक्याने ते घ्यायचे तेच सध्या आजारी आहे. जिथे मारहाण होते ते घर मात्र याला अपवाद. तिथून आधी बाहेर पडायचं.

घरी काय करता येईल? त्या माणसाची आठवण तपासत बसू नका. "सांग बरं, काल काय सांगितलं होतं?" हा प्रश्न शिक्षकांनाही वापरायची फार खोड असते, आम्हालाही होती. एका वेळी एकच काम सांगा. फ्रिजवर कागद लावा, गोळ्यांसाठी सात कप्प्यांची डबी आणा, मोबाइलवर अलार्म लावा. रोज अर्धा तास चालायला न्या, सोबत जा. आणि घराबाहेर जाणं, माणसांत मिसळणं तोडू नका. आमच्या विद्यार्थिनीचं मैत्रिणींकडे जाणं बंद केलं, ते आमच्या सांगण्यावरून केलं होतं, आणि ते नेमकं उलटं होतं. नैराश्यात माणूस आपण होऊनच आक्रसतो. आपण त्याचं दार बाहेरूनही लावून घेतलं.

मरणाची भाषा कानावर आली तर ती टाळू नका, सरळ विचारा. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. त्या माणसाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या नंबरवर रात्रीबेरात्रीही मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत. जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मनोविकाराची ओपीडी असते, तिथे केसपेपर काढून दाखवता येतं. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी मनोरुग्णालयं आहेत. त्यांच्या नावाने लोक घाबरतात, पण तिथल्या ओपीडीत येणारे बहुतेक जण औषध घेऊन संध्याकाळपर्यंत आपल्या घरी परततात. रिश्ता तुटेल म्हणून दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन दाखवणारी घरंही आम्हाला ठाऊक आहेत. तसं तर तसं, पण दाखवा.

त्या मुलीचं पुढे काय झालं, ते सांगतो. तिचे उपचार वर्षभर चालले. नववीचं वर्ष कसंबसं निघालं, दहावीला ती पहिल्या तिनात नव्हती, पण पास झाली. परीक्षेच्या आधी आम्ही तिला एवढंच सांगितलं होतं की कोरं वाटलं तर पेन खाली ठेव, लांब श्वास सोड, आणि जे येतं ते कोपऱ्यात लिहून काढ, क्रम नंतर लाव. निकालाच्या दिवशी तिचे अब्बा पेढे घेऊन आले. आम्ही त्यांची माफी मागितली, मोबाइलबद्दल. ते म्हणाले, "सर, तुम्हालाही कुठे ठाऊक होतं." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, दुकानावर त्यांनाही हल्ली उधारीचे आकडे लक्षात राहत नाहीत, रात्री तीनला जाग येते, तर त्याच डॉक्टरांचा नंबर मिळेल का.